अपडेटने खाल्लेला डेटा : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

गेल्या आठवड्यात मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भाषांतराची मोठी फाइल पाठवायला बसले. पॅकमधला डेटा जवळजवळ पूर्ण शिल्लक होता. वीस मिनिटांत डेटा संपल्याचा संदेश आला आणि फाइल अजून अर्धीही चढली नव्हती. शोधाशोध केल्यावर कळलं, लॅपटॉपच्या लेखी हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफायच. त्यामुळे त्याने एक भलंमोठं अपडेट उतरवायला घेतलं होतं. माझी मुदत चुकली.

अपडेट नकोत असं माझं म्हणणं नाही. पण डेटा माझा, वेळ माझी, मग विचारायला नको? तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर सविस्तर लिहा. काय अडलं, आणि त्यावर काय केलंत, दोन्ही.

वाटसरू

माझी ताई कर्णबधिर आहे. आम्ही दोघं दूर राहतो, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत बोलतो. आवाजाच्या कॉलमध्ये मधला एखादा शब्द गळला तर माणूस अंदाजाने भरून काढतो. खुणांचं तसं नसतं. हात कुठून निघाला, कुठे थांबला, चेहऱ्यावर काय होतं, या सगळ्यांचं मिळून एक वाक्य होतं. चित्र दोन सेकंद गोठलं की वाक्यच जातं.

एका रात्री ती तिच्या तपासणीचे रिपोर्ट सांगत होती. चित्राचे चौकोन व्हायला लागले. ती पुन्हा सांगायची, पुन्हा गोठायचं. शेवटी तिने कॉल बंद करून लिहून पाठवलं. लिहिलेलं समजलं, पण तिचा चेहरा मला बघायचा होता. नंतर पाहिलं तर घरातले दोन संगणक आणि एक फोन एकाच वेळी अपडेट घेत होते. कोणीही बटण दाबलेलं नव्हतं. आता कॉलच्या आधी मी बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करतो. याहून बरा उपाय असेल तर सांगा.

जुना खिळा

वाटसरू, उपाय आहे. आधी कारण सांगतो, कारण बरेच जण इथे वेगाचा प्लॅन वाढवतात आणि तरी त्रास राहतोच. मोठं डाउनलोड सुरू झालं की मोडेम-राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, डेटाच्या पाकिटांची (छोट्या तुकड्यांची) रांग लागते. कॉलचं इवलंसं पाकीट त्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहतं. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. अपलोडची बाजू तुंबली तर आणखी वाईट, कारण ‘पाकीट मिळालं’ ही पोचसुद्धा तिथूनच जाते आणि तिला उशीर झाला की डाउनलोडही मंदावतं.

राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे या रांगा हुशारीने सांभाळायची, सोय आहे का बघा. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती बसवता येते. आत ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ ही पद्धत असते, ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते. लाइनचा खरा वेग मोजून त्याच्या साधारण ९० टक्के मर्यादा घाला, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यात राहते. अपडेट चालू राहील, ताईचं चित्रही नीट दिसेल.

विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांनी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ हे सेटिंगही उघडून बघावं. उतरवलेल्या अपडेटचे तुकडे आपला संगणक इतरांना पुरवतो, ती ही सोय. ‘फक्त माझ्या नेटवर्कवरचे संगणक’ हा पर्याय निवडला की बाहेर अपलोड होत नाही. डाउनलोड-अपलोडच्या वेगाची मर्यादाही तिथेच घालता येते.

फळा-खडू

शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आहे. २० संगणक, १० एमबीपीएसची एक लाइन. सुट्टीनंतर पहिल्या तासाला सगळे एकदम सुरू केले आणि मुलांना एकही पान उघडेना. हिशोब मांडला तेव्हा डोळे उघडले. १० एमबीपीएस म्हणजे दहा मेगा‘बिट’, ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबाइट. ४ जीबीचं एक अपडेट उतरायला पाऊण तासाहून जास्त. तेच २० ठिकाणी वेगवेगळं उतरलं तर ८० जीबी, जवळजवळ अठरा तास, तेही लाइनवर दुसरं काहीच नसताना!

एकच फाइल एकाच लाइनवरून वीसदा कशाला आणायची? आता एका संगणकावर साठवण केली आहे. आमच्याकडे विंडोजऐवजी उबंटू ही प्रणाली आहे, म्हणून ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे सॉफ्टवेअर वापरतो. पहिल्याने मागितलेलं पॅकेज तिथे राहतं, बाकीचे तिथूनच घेतात. मॅक असतील तर २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपासून अशा साठवणीची ‘कंटेंट कॅशिंग’ ही सोय त्यातच मिळते. मुलांचा तास आता वाया जात नाही, याचं समाधान फार मोठं आहे.

रातकिडा

मुलाच्या गेमची अपडेट ऐन माझ्या मीटिंगच्या वेळी यायची. स्टीम या गेमच्या ॲपच्या डाउनलोड सेटिंगमध्ये पहाटेची वेळ आणि वेगाची मर्यादा घातली. प्रश्न मिटला.

उंबरठा

मी दुसरी बाजू सांगते, कारण ती चूक मी केली आहे. अशाच रागात मी ऑफिसातल्या संगणकांची अपडेट कायमची बंद करून टाकली होती. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट आलं, ते आमच्याकडे बसलंच नाही. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो नेमका त्याच भगदाडातून. आमच्या दोन संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या, त्यातल्या काही आजतागायत परत मिळाल्या नाहीत. त्यामुळे कळकळीने सांगते, वेळ ठरवा, वेग बांधा, पण सुरक्षेचं अपडेट अडवू नका.

पाटी-पेन्सिल

फोनबद्दल थोडं. प्ले स्टोअरमध्ये ‘फक्त वायफायवर अपडेट’ असतं, पण ते वायफाय दुसऱ्या कोणाचा हॉटस्पॉट असेल तर त्याचा डेटा जाऊ शकतो. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेलं, ठरवून ठेवा. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘लो डेटा मोड’ आहे, तो प्रत्येक वायफायसाठी वेगळा लावता येतो. एक चांगली गोष्टही नोंदवायला हवी. गूगलने २०१६ च्या अखेरीस ॲपमधला बदललेला भागच पाठवायची सुधारित पद्धत आणली, तेव्हा अपडेट पूर्ण ॲपपेक्षा सरासरी ६५ टक्के लहान झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे मनावर घेतलं तर हे करता येतं. कमी डेटात राहणाऱ्या माणसाचा विचार सगळ्यांनीच आधीपासून करायला हवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा हॉटस्पॉट ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून नोंदवला. अत्यावश्यक अपडेट त्यातूनही येऊ शकतात, पण मोठी आता थांबतात. ती मी रविवारी सकाळी घरच्या लाइनवर स्वतः सुरू करते. उंबरठा, तुमचं वाचून सुरक्षेची दोन राहिलेली अपडेट आजच बसवली.

वाटसरू, राउटरचं जमलं का? ताईंशी कॉल झाला की नक्की लिहा.

वाटसरू

जमलं. काल मुद्दाम दुसऱ्या संगणकावर अपडेट चालू ठेवून कॉल केला. पाऊण तास बोललो, चित्र एकदाही गोठलं नाही. ताईचे रिपोर्ट चांगले आहेत. या वेळी तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.