हायवेलगतच्या मधात शिसं आहे का? तपासणीसाठी मदत हवी आहे

मंडळी, पुणे-नाशिक हायवेपासून साधारण 60 मीटरवर, शेवग्याच्या बांधाला माझ्या सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. झाकणावर बोट फिरवलं की काळी काजळी लागते. शिशाचं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं, पण ब्रेक-टायरची धूळ आहेच. एका लॅबमध्ये मध दिला, तर रिपोर्टमध्ये फक्त ओलावा, साखर आणि एचएमएफ (मध तापवला किंवा जुना झाला की वाढणारा घटक). धातू तपासलेच नाहीत! त्यात मध काढायचं यंत्र जुन्या जस्ती पत्र्याचं आणि मध आम्लधर्मी, म्हणजे पत्र्यातला धातू मधात उतरत असल्याचा संशय तिथेही. पेट्या हलवायला दुसरी जागा नाही.

आयसीपी-एमएस (धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी) चाचणीला किती मध, कसल्या बाटलीत द्यायचा? आणि दोष रस्त्याचा की यंत्राचा हे कळायला, यंत्रात न घातलेल्या पोळ्यातला मध वेगळा तपासला तर पुरेल का?