साहसी पुरस्कार फक्त शिखरवाल्यांनाच का?

घाटवाटकरी (धागालेखक):
परवा एका ज्येष्ठ गिर्यारोहकांची पोस्ट वाचली. त्यांचं म्हणणं असं, की शिवछत्रपती पुरस्कारातला साहसी क्रीडेचा मान आठ हजार मीटरच्या वर गेलेल्यांनाच मिळावा. रेस्क्यूवाले, गडावरची पाण्याची टाकी उपसणारे, कासवं-गिधाडं सांभाळणारे ही 'समाजसेवा', त्यांनी वनखात्याकडे जावं. डोकंच फिरलं.

लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स या रेस्क्यू संस्थांची पोरं पावसाळ्यात काय करतात, ते एकदा जाऊन बघा. जेवणाच्या ताटावरून उठून निघतात. शेवाळलेला कातळ, धुकं, हेडलॅम्पच्या उजेडात हात-दोन हात पुढचं दिसणार. दोराला आधार द्यायला कातळात अँकर लावायचा, स्ट्रेचर बांधायचं आणि जखमी माणूस दरीतून वर ओढायचा. दोर तोच, गाठी त्याच, जीव जायची भीतीही तीच. वर पगार नाही. हे साहस नाही तर काय आहे?

आणि सन्मान वेळेवर तरी द्या हो. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी अख्खी हयात जंगलात काढली. पद्मश्री जाहीर झाली २०२५च्या जानेवारीत, वयाच्या ९२व्या वर्षी. जूनमध्ये ते गेले.

दोरखंड:
भावना पोचल्या. पण पुरस्कार क्रीडेचा आहे. १९९८ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ला पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण, २०१९ला त्यांचेच दहा जण कांचनजंगावर. हे मोजता येतं, तपासता येतं. 'संवर्धन' कशावर मोजणार? उद्या वृक्षारोपणाचे फोटो काढणारा प्रत्येक नगरसेवक अर्ज करेल आणि खरा क्लाइंबर रांगेत मागे राहील. मोहिमेसाठी घर गहाण टाकलेले मित्र मी बघितलेत. त्यांच्या वाट्याला हा एकच मान आहे, त्यातही वाटेकरी आणू नका.

सह्यकन्या:
क्लाइंबर 'खरा' म्हणजे कोण, ते आधी ठरवा. मी रायगड जिल्ह्यात गिधाडांच्या नोंदी घेते. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं, वर्षाला एकच अंडं घालतं, तेही हिवाळ्यात. एका हिवाळ्यात एका ग्रुपने नेमका त्याच कड्यावर चढाईचा नवा रूट काढला. बोल्ट ठोकायला दिवसभर कातळात ड्रिलचा आवाज. मादी घिरट्या घालत राहिली, घरट्यावर उतरलीच नाही. आम्ही खालून दुर्बिणीतून बघत होतो, हाका मारल्या, कुणी ऐकलं नाही. त्या मोसमात तिथे पिल्लू नाही. त्या ग्रुपचा मात्र शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

दोरखंड:
आलंच! गिधाडं डायक्लोफेनॅकने मेली, गुरांना देतात त्या वेदनाशामकाने, मेलेली गुरं खाऊन. बोल्टने नाही. २००६ला जनावरांसाठी ते औषध बंद झालं, ते काय क्लाइंबर लोकांमुळे?

सह्यकन्या:
नव्वद टक्क्यांहून जास्त गेली म्हणूनच उरलेल्या एकेका घरट्याची किंमत आहे. एवढं साधं गणित कळत नसेल तर कड्यावर जाऊच नका.

दोरखंड:
भाषा सांभाळा. आम्हाला मोसम किती मिळतो? पावसाळ्यात कातळ ओला, मे महिन्यात हात भाजतात. उरला हिवाळा. तोही तुम्ही बंद करणार. आणि मोठ्या लेन्स घेऊन घरट्यासमोर तासन् तास बसणारे तुमचे फोटोग्राफर, त्यांना कोण विचारतं?

सह्यकन्या:
त्यांनाही हाकलायला हवं. हे मी आमच्या गटात तोंडावर बोलले आहे आणि त्यापायी माणसं तोडली आहेत.

घाटवाटकरी:
मूळ विषय पुरस्काराचा होता...

साम्रदकर:
मी साम्रदचा, सांदण दरी आमच्या गावाला लागून. तुमचं दोघांचं वाचतोय. गिर्यारोहक अरुण सावंत सरांनी सांदण लोकांपर्यंत नेली, त्यांना आम्ही मानतो. २०२०च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अपघातात ते गेले तेव्हा आमच्याकडंही चूल पेटली नव्हती. पण दरीत माणूस अडकला की पहिला कोण उतरतो? गावातलाच पोरगा, साध्या चपलेवर. रेस्क्यू टीम शहरातून पोचेपर्यंत त्याने पाणी पाजलेलं असतं, पाय बांधलेला असतो. बातमीत त्याचं नाव 'स्थानिक ग्रामस्थ'. तुम्ही पुरस्कार कोणाला द्यायचा यावर भांडताय, आमच्या पोराला तर नावसुद्धा नाही.

सह्यकन्या:
दादा, शंभर टक्के खरं. कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला गावच पुढे आलं म्हणून काम टिकलं. २००२ला भाऊ काटदरे आणि त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने समुद्री कासवांचं काम हातात घेतलं, पण अंडी राखली गावकऱ्यांनी. आधी तीच अंडी खाल्ली, विकली जायची. आता पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. सन्मान एकट्याला देऊ नका, गावाला द्या.

दोरखंड:
गावातल्या पोरांबद्दल दुमत नाही. मलाही अशाच एकाने खाली आणलंय, गुडघा गेला होता. त्यांच्यासाठी निकष बनवायचा तर बनवा, दोर-तंत्राचं रीतसर प्रशिक्षण आणि विमा आधी द्या, मग शाल द्या. रेस्क्यूवाल्यांनाही साहसीमध्ये घ्या, एवढं मान्य करतो. झाडं लावणाऱ्यांना नाही. तिथे मी हटणार नाही.

घाटवाटकरी:
टाकी उपसणाऱ्यांचं काय? मार्चनंतर गडावर तुम्ही जे पाणी पिता ते कोणी राखलं?

दोरखंड:
ते दुर्गसंवर्धन. वेगळा पुरस्कार मागा, सही करतो.

सह्यकन्या:
आणि कडे?

दोरखंड:
कुठल्या कड्यावर चालू घरटी आहेत ती यादी द्या, तेवढे कडे पिल्लं उडेपर्यंत आम्ही सोडू. पण सरसकट 'बंदी' म्हणालात तर मी विरोधात उभा राहीन.

सह्यकन्या:
यादी अशी उघड्यावर टाकणार नाही, लेन्सवाले तिथेच जातील. तुमच्या क्लबच्या दोघांना घेऊन या, जागेवर दाखवते. ड्रिल घरी ठेवा.

साम्रदकर:
आमच्याकडच्या कड्यांवरची घरटी आम्हाला विचारा. गुरं तिकडंच चारतो आम्ही.