अहीथोफेल नुसता फितूर?
बायबलमधल्या दावीद राजाचा मुलगा अबशालोम याने बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा राजाचा सल्लागार अहीथोफेल सत्तेच्या लोभाने त्याला मिळाला, असं म्हणतात; हे मत मला अपुरं वाटतं. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात ११व्या अध्यायात बथशेबा, म्हणजे दुसऱ्याची बायको असताना दावीदाने जिला बोलावून भोगलं ती, अलीयामची मुलगी आहे, आणि २३व्या अध्यायातल्या वीरांच्या यादीत अहीथोफेलच्या मुलाचं नावही अलीयामच. दोन्ही अलीयाम एकच असतील, तर दावीदाने ज्या घराची अब्रू घेतली त्या घराचा हा आजोबा. मग त्याच्या फितुरीला सुडाचीही धार येते.

उलट हूशय, म्हणजे अहीथोफेलचा सल्ला हाणून पाडायला दावीदाने अबशालोमकडे धाडलेला त्याचा मित्र, 'निष्ठावंत', पण बोलतो कसा बघा! अबशालोमसमोर येऊन म्हणतो, राजा चिरायु होवो. कोणता राजा, ते सांगतच नाही. मित्राला सोडून आलास का, असं विचारल्यावर परमेश्वराने आणि लोकांनी निवडलेल्याचा मी, हे उत्तर. अबशालोम स्वतःला त्यात बसवून मोकळा.

सल्ला मात्र अहीथोफेलचाच अचूक होता: १२,००० माणसं घेऊन पळून चाललेल्या दावीदाला आज रात्रीच गाठायचं, फक्त राजाला मारायचं. हूशयने सगळं इस्राएल गोळा करून स्वतः अबशालोमने पुढे व्हावं असं सुचवलं. पोराचा अहंकार सुखावला आणि दावीदाला यार्देन नदी ओलांडायला वेळ मिळाला. आपला सल्ला मानला नाही हे दिसताच अहीथोफेलने गाढवावर खोगीर घातलं, गावी जाऊन घराची निरवानिरव केली आणि गळफास घेतला. डाव फसला हे अबशालोमच्या कितीतरी आधी त्याला कळलं होतं.

शौल राजाचा नातू मफीबोशेथ आणि त्याचा चाकर सीबा यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. धनी दावीदावर उलटला असं सीबा म्हणाला, तर सीबाने मला फसवलं असं मफीबोशेथ. तिथे खोटं कोण बोलतंय, ते दावीदालाही ठरवता आलं नाही. त्याने जमीन दोघांत निम्मी-निम्मी वाटून टाकली.