इंटरनेट एक्स्चेंज सुरू करायला आधी परवाना कशाला?

तारकरी:
स्थानिक इंटरनेट एक्स्चेंज सुरू करायचं तर आधी दूरसंचार परवाना घ्या, अशी अट काही देशांचे नियामक घालतात. माझ्या मते ही अट नसावी. सुरू करा, नियामकाला लेखी कळवा, एवढं पुरे.

एक्स्चेंज म्हणजे एका खोलीतला रॅक, त्यात इथरनेट स्विच आणि त्या स्विचला जोडलेली प्रत्येक आयएसपीची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची, केबल. या कंपन्यांचे राउटर बीजीपी या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांना आपापले पत्ते सांगतात आणि ट्रॅफिक थेट पलीकडे जातं. एक्स्चेंज कुणा ग्राहकाला इंटरनेट विकत नाही. एका छोट्या आयएसपीत असताना, आमच्याकडे एक्स्चेंज नव्हतं तेव्हा, मी समोरच्याच इमारतीतल्या सर्व्हरला ट्रेसराउट, म्हणजे डेटाचं पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी चाचणी, लावला होता. चौथ्या हॉपला, म्हणजे चौथ्या टप्प्याला, पॅकेट देशाबाहेर पडलं आणि दुसऱ्या खंडाला वळसा घालून तीनशे मिलिसेकंदांनी परत आलं. या फेरीचं ट्रान्झिटचं, म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यातून ट्रॅफिक नेण्याचं, बिल आम्हीही भरत होतो, समोरचेही भरत होते.

केनियात २००० च्या नोव्हेंबरात आयएसपींनी मिळून नैरोबीत एक्स्चेंज सुरू केलं. सरकारी दूरसंचार कंपनी टेल्कॉम केनियाने तक्रार केली की आंतरराष्ट्रीय ट्रॅफिक वाहून नेण्याचा हक्क फक्त आमचा. दोन आठवड्यांत नियामकाने परवाना नाही म्हणून ते बंद करायला लावलं. परवाना मिळून पुन्हा सुरू व्हायला २००२ चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा उपग्रहामार्गे १२०० ते २००० मिलिसेकंद घेणारं ट्रॅफिक ६० ते ८० मिलिसेकंदांत जायला लागलं. मधलं सव्वा वर्ष कुणाच्या भल्यासाठी गेलं?

नियमधर:
याच उदाहरणातून मला उलटा धडा दिसतो. परवाना हातात आल्यावरच त्या एक्स्चेंजला कुणी बेकायदा म्हणू शकेना. दुबळ्याला कागदाचाच आधार असतो.

आमचं एक्स्चेंज एका मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये होतं. परवाना नाही, करार नाही, सगळं परस्पर विश्वासावर. मग आमच्या रॅकपासून स्विचपर्यंतच्या केबलचं, म्हणजे क्रॉस-कनेक्टचं भाडं चढायला लागलं. केबल तीच, जेमतेम वीस मीटरची. दोन वर्षांत भाडं दुप्पट झालं आणि तीन छोटे सभासद बाहेर पडले. आम्ही नियामकाकडे गेलो, तर उत्तर मिळालं, "असं एक्स्चेंज आमच्या नोंदीतच नाही." तो दिवस मी विसरलेलो नाही.

तारकरी:
नोंदीत नाही, हे मला मनापासून खटकतं. म्हणूनच कळवणं सक्तीचं असावं असं मी म्हणतो. पण तुमचं नुकसान जागा आणि फायबर एकाच्याच मुठीत असल्यामुळे झालं. नियम तिथे हवा: एक्स्चेंजच्या इमारतीत कुणाचंही फायबर येऊ द्यायचं, क्रॉस-कनेक्टचा दर जाहीर करायचा आणि तो सर्वांना सारखा ठेवायचा. परवान्याची अट असती तर तो कदाचित त्या डेटा सेंटरवाल्यालाच आधी मिळाला असता. कागदपत्रं पुरी करायला त्याच्याकडे वकिलांची फौज असते, चार छोट्या आयएसपींकडे नसते.

जोडणी:
तुम्ही दोघंही मूळ अडचण सोडून बोलताय. सर्वात मोठी कंपनी एक्स्चेंजला आलीच नाही तर? निम्मे ग्राहक तिच्याकडेच. चिलीने १९९९ मध्ये देशांतर्गत ट्रॅफिकसाठी आयएसपींना एकमेकांशी जोडून घेणं बंधनकारक केलं. तसंच करावं.

तारकरी:
सक्तीने केबल जोडली जाते, क्षमता मिळत नाही. मोठी कंपनी स्विचवर सर्वात कमी क्षमतेची जोडणी (पोर्ट) घेते. संध्याकाळी सात वाजता ट्रॅफिकच्या आलेखावरची रेघ वर जाऊन सपाट होते ती अकरापर्यंत तशीच. पॅकेट गळत राहतात आणि कागदोपत्री नियम पाळलेला असतो. ब्राझीलचं आयएक्स डॉट बीआर हे एक्स्चेंजांचं जाळं २००४ मध्ये सुरू झालं, ते ना-नफा संस्था चालवते. खर्च डॉट बीआर डोमेनच्या शुल्कातून निघतो, आणि साओ पाउलोचं एक्स्चेंज आज जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी आहे. लोक तिथे गरजेपोटी येतात.

पहारा:
सुरक्षेचं काय? देशाचं इतकं ट्रॅफिक एका खोलीतून जाणार आणि सरकारने फक्त पत्र वाचायचं? युरोपीय संघानेही २०१६ च्या निर्देशात एक्स्चेंजना अत्यावश्यक सेवांमध्ये धरलं, सुरक्षेची आणि बिघाड कळवण्याची जबाबदारी टाकली.

तारकरी:
बरोबर, आणि ती जबाबदारी मलाही मान्य आहे. पण त्याच युरोपने २००२ मध्ये दूरसंचारातले वैयक्तिक परवाने काढून सर्वसाधारण अधिकृती आणली, म्हणजे फार तर कळवायचं. तिथे सरकारचे हात बांधले गेले का? जर्मन गुप्तचर संस्था फ्रँकफर्टच्या डीई-सिक्समधून ट्रॅफिक घेते म्हणून एक्स्चेंजने दावा लावला, तो २०१८ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने फेटाळला. मला तर तिथे सरकारच्या हातात जरा जास्तच दिलंय असं वाटतं.

नियमधर:
मग मधला मार्ग सुचवतो. आधी कळवायचं, आणि तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मान्यता मिळाली असं धरायचं. नोंद होईल, कुणाला अडकवूनही ठेवता येणार नाही.

तारकरी:
हरकत कोण घेणार? फक्त नियामक, तेही कारण देऊन, तर मी तयार आहे. पण प्रतिस्पर्धी कंपनीच्या तक्रारीवर घड्याळ थांबणार असेल तर ते नैरोबीचंच प्रकरण पुन्हा होईल. ते कलम आधी लिहून दाखवा.