सांगलीतलं माहेरचं घर, माळ्यावरचं सामान आणि वीस हजार रुपये : सल्ला हवा आहे

ओसरी :
नमस्कार. माझं माहेर सांगलीत, गावभागात. दगडी जोतं, माती-विटांच्या दोन फुटी भिंती, वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मी पुण्यात असते.

२००५ च्या पुरात पाणी पायरीपर्यंत आलं होतं. २०१९ ला सोप्यात कमरेच्या वर होतं, २०२१ ला घोट्याभर. २०१९ ला दादा-वहिनीनं रातोरात हाताला लागेल ते माळ्यावर चढवलं आणि ते आजतागायत तिथंच आहे. चिखल काढला, भिंती धुतल्या, पण सामान काही खाली आलं नाही. परत पाणी आलं तर, हीच धास्ती. प्लास्टिकच्या चार खुर्च्या, एक लोखंडी कॉट आणि टीव्ही, यावर आमचा सोपा सहा वर्षं चाललाय.

डिसेंबरअखेर आईची पंचाहत्तरी आहे. तिला कार्यालय नको, हॉटेल नको. "घरातच करा, आणि माझं सामान खाली आणा," एवढंच म्हणते.

माळ्यावर आहे ते असं : दोन ट्रंका भरून इरकली आणि सुती नऊवाऱ्या, सात-आठ वाकळी (गोधड्या), तांब्याचं घंगाळ, पितळी हंडे, कळश्या आणि एक मोठी समई, सहा शिसवी पाट, सागवानी मांडणी, शिवणयंत्राचा बिडाचा पाया, काच तडकलेले फोटो आणि बाबांचा तंबोरा. तंबोऱ्याच्या भोपळ्याला चीर गेली आहे. एका ओळखीच्या बाईंनी त्याचा लॅम्प करा म्हणून सुचवलं.

खर्चाला वीस हजार आहेत. नवीन फर्निचर घ्यायचं नाहीये. सुरुवात कुठून करू?

जवसतेल :
सामानाला हात लावायच्या आधी भिंती बघा. कमरेपर्यंत ऑईल पेंट आहे का? आणि पोपडे सुटतायत का?

ओसरी :
हो, दोन्ही. दादानं दोनदा खरवडून पुट्टी भरून पुन्हा रंग दिला. पावसाळा संपला की परत फुगतो. मागे हात लावला तर पांढरं पीठ हाताला येतं.

झटपट :
पीव्हीसीचं पॅनेलिंग करून टाका. दोन दिवसांत काम होतं, ओल दिसत नाही, पुसताही येतं. आम्ही फ्लॅटमध्ये केलंय.

जवसतेल :
झटपट, फ्लॅटच्या सिमेंटच्या भिंतीला चालत असेल, या भिंतीला कृपा करून नको. ओल दिसली नाही तरी ती आत असतेच, आणि पॅनेलमागे तिला वाट उरत नाही. मग बुरशी येते, आणि कडीपाटाची तुळई त्या भिंतीत बसलेली असेल तर तिचं टोक कुजतं.

ओसरी, ते पांढरं पीठ म्हणजे खार. माती-चुन्याची जाड भिंत पाणी पिते आणि हळूहळू बाहेर टाकते. पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागापाशी येतात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच साठतात. वर ऑईल पेंटचा पापुद्रा असला की ते त्याच्या मागे साठतात आणि फुगून रंग ढकलतात. म्हणून तुमच्या दादाचा पैसा दरवर्षी वाया जातोय. त्यात त्याची चूक नाही, बहुतेक रंगारी हेच सांगतात.

माझं ऐकाल तर वीस हजारांतला मोठा वाटा भिंतीला द्या. पुराची जी रेघ आहे तिच्या वर आणखी दीड-दोन फुटांपर्यंत सगळा ऑईल पेंट आणि पुट्टी खरवडून काढा, कारण ओल रेघेच्या वरही चढते. मग भिंत तशीच उघडी ठेवा, जमेल तितके आठवडे. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा. रोज वर येणारा खार कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका. ओल्या फडक्यानं पुसू नका, पाण्याबरोबर तो परत आत जातो.

मग चुना. विझवलेला चुना घ्या. कळीचा चुना घरी विझवायला जाऊ नका, तो उकळतो आणि अंगावर उडतो. आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी जुन्या धोतरातून गाळा, ताकाइतका पातळ करा. त्यात भिजवलेला डिंक घाला, म्हणजे अंगाला लागणार नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरा उठून दिसतो. भिंतीवर आधी पाणी मारून मगच हात द्या. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही आणि सगळे घाबरतात. वाळल्यावर पांढरा उमटतो. असे तीन-चार पातळ हात. खाली जोत्यालगत वीतभर काव किंवा गेरूचा पट्टा ओढा, झाडताना घाण दिसत नाही आणि देखणंही दिसतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, डोळ्यात चुना गेला तर फार वाईट.

एका हंगामात खार पूर्ण जाणार नाही. पुढच्या वर्षी जिथं सुटेल तिथं झाडून परत एक हात द्यायचा. बादलीभर चुन्याचं काम आहे, घरच्या घरी होतं.

गावभागकर :
मी पण तिथलाच, गल्ली वेगळी. तुमच्या आईंचं वाक्य वाचून गलबललं. आमच्याकडेही माळ्यावरचं सामान खाली यायला चार वर्षं लागली.

आम्ही एक नियम केला आणि त्यानंच भीती गेली. सोप्यातली कुठलीही वस्तू दोन माणसांना तासाभरात वर नेता आली पाहिजे. जी नेता येत नाही, ती भिजली तरी चालेल अशी हवी : दगड, बीड, सागवान. प्लायवूड आणि भुश्याच्या दाबीव फळ्यांचं काहीही नको. २०१९ ला आमचं कपाट फुगून दारातून बाहेर निघेना, कुऱ्हाडीनं फोडून काढलं. शेजारीच आज्जीचा सागवानी चौरंग तीन दिवस पाण्यात होता, तो धुऊन सावलीत वाळवला आणि आजही त्यावर गणपती बसतो.

दुसरं म्हणजे २०१९ ची रेघ खडूनं पूर्ण सोप्याभर मारून घ्या. फोटो, तंबोरा, कागद, कापड, सगळं तिच्या वर. भिंतीतल्या जुन्या खुंट्या आणि कोनाडे बघा. आमच्याकडे बहुतेक कोनाडे रेघेच्या वरच होते. प्लगचे सॉकेटही वर घेऊन टाका, भिंत उघडी आहे तोवर.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. आम्ही चाळिसाची बातमी आली की तंगूसच्या (नायलॉनच्या) पिशव्या भरायला घेतो. घरात कोणी काय उचलायचं हे ठरलेलं आहे, पोरांनासुद्धा.

ओसरी :
गावभागकर, तासाभराचा नियम दादाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "असं असेल तर आणू खाली." सहा वर्षांत पहिल्यांदा.

टाचणटीप :
साड्यांचं मी सांगते. आधी निवड. प्रत्येक साडी उजेडासमोर धरा आणि घडीच्या रेषेवर हलकेच ताणा. रेशीम असेल तर नेमकं घडीवर चिरतं. तशी साडी पडद्याला घेऊ नका, आठवड्यात फाटेल. तिचे फक्त काठ आणि पदर वाचवा. सुती नऊवारी मात्र सोनं आहे.

नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर. दारांना साडेसहा-सात फुटी पडदे केले तर एकीत तीन बसतात आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे होतात. लांबी उभी घ्या, म्हणजे काठ पडद्याच्या दोन्ही बाजूंना सरळ खाली येतात आणि रुंदीत काहीच कापावं लागत नाही. खिडकीला अर्धा पडदा असेल तर साडी आडवी घ्या, एक काठ वर, एक खाली. माजघराची खिडकी पश्चिमेला असेल तर आतून जुनं धोतर किंवा चादर अस्तर म्हणून लावा, नाहीतर रंग उडेल. आणि गावभागकरांचं ऐकून खिडक्यांचे पडदे चौकटीपाशीच संपवा, जमिनीपर्यंत लोळवू नका.

इरकलीचा टोप पदर चांगला राहिला असेल तर तो देवघरामागे किंवा कॉटच्या उशाच्या भिंतीवर लावा. खिळे मारू नका, वरच्या बाजूला कापडी नेफा शिवून त्यातून काठी घाला. काढून गुंडाळली की एका मिनिटात वर.

वाकळी उन्हात दोन दिवस घाला, मग धुवा. डांबराच्या गोळ्यांचा वास धुऊन लगेच जात नाही, वाऱ्यावर राहू द्यात. लोखंडी कॉटवर दोन वाकळी एकावर एक घाला, लोडाला साडीचे अभ्रे चढवा, झाला दिवाण. त्या कॉटची लाज वाटून घेऊ नका, पुरात टिकलेली वस्तू आहे ती.

फुलवात :
भांडी चिंच-मीठ किंवा लिंबानं घासा, लगेच धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर डाग पडतात. आतून कल्हई असेल तर आत चिंच लावू नका, उतरते. घंगाळाला भोक पाडून कुंडी करतात लोक, तसं करू नका. पाणी भरून झेंडूची फुलं सोडा, कार्यक्रम झाला की परत घंगाळच राहील. ट्यूबलाईट बदलून पिवळसर उजेडाचे बल्ब लावले की पितळ आणि चुना दोन्ही खुलतात.

मिरजेचा :
तंबोऱ्याचं वाचलं आणि लॉगिन केलं. ताई, लॅम्प नका करू. वायरिंगसाठी भोपळ्याला भोक पाडतील, दांडीतून तार ओढतील, आणि मग ते वाद्य पुन्हा कधी वाजणार नाही.

तुम्ही मिरजेपासून दहा-बारा किलोमीटरवर आहात. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूरच्या बाजूनं येतो, वाळवलेला. तो तडकणं त्यांना नवीन नाही. चीर किती आहे, तबलीपर्यंत (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीपर्यंत) गेली का, यावर काम ठरतं. आतून पट्टी देऊन सांधतात, वर रंग देऊन पॉलिश करतात. आधी नुसतं दाखवून या आणि खर्च विचारा. परवडलं तर करा, नाहीतर आहे तसा ठेवा, पण तोडू नका.

नेताना तारा सैल करा. वाकळीत गुंडाळा, भोपळ्याखाली उशी. घरी आणल्यावर ओल्या भिंतीला टेकवू नका आणि खिडकीच्या उन्हातही नको. कार्यक्रमाला कोणी गाणारं येणार असेल तर चार तारा लावून घ्या. नुसता षड्ज घुमला तरी घर भरतं.

जवसतेल :
मांडणी आणि पाटांचं राहिलं होतं. ओलसर फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवाल तर तडकतील. मग दुकानात मिळणारं उकळलेलं (बॉईल्ड) जवसाचं तेल आणि थोडं टर्पेंटाईन एकत्र करून पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं पुसून घ्या. दुसरा हात दोन दिवसांनी. हे नीट वाचा : तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा, मगच टाका. हे माहीत नसल्यानं माझ्या ओळखीत एकाच्या वर्कशॉपात आग लागली.

बिडाच्या पायाला गंज असेल तर पॉलिश पेपर मारून काळा रंग. त्यावर सहापैकी एक पाट ठेवून समईची जागा करू नका, बाकीचे पाच पाट पंगतीला कमी पडतील.

टाचणटीप :
फोटोंचं कोणीच लिहिलं नाही. तडकलेल्या काचेला फोटो चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, चेहऱ्याचा थर काचेबरोबर निघतो. काचेसकट स्कॅन करून घ्या, आधी तेच.

ओसरी :
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

ऑईल पेंट काढायला दोन मजूर चार दिवस लागले, तोच सगळ्यांत मोठा खर्च. खार रोज झाडतोय. पहिल्या आठवड्यात सुपलीभर निघायचा, आता मूठभर. चुना पुढच्या रविवारी. रेघ खडूनं मारली, धाकटा भाचा तिच्यापाशी उभा राहिला तर ती त्याच्या नाकाशी आली. कोनाडे पाचपैकी चार तिच्या वर आहेत. चौथा पुट्टी भरून बुजवलेला होता, खरवडताना सापडला. आईला आठवत होतं, तिथं पूर्वी कंदील असायचा.

आजोबांचा फोटो काचेला चिकटलाच होता. स्टुडिओवाल्यानं काचेसकट स्कॅन केला, तडा कॉम्प्युटरवर काढला. मूळ फोटो तसाच ठेवलाय.

तंबोरा मिरजेला दाखवला. चीर तबलीपर्यंत गेलेली नाही. काम होईल आणि जमण्यासारखं आहे, पंचाहत्तरीच्या आधी देतो म्हणालेत. आईनं त्याच्यासाठी गवसणी (खोळ) शिवायला घेतलीय, चिरलेल्या हिरव्या इरकलीचा पदर वाचवला होता त्याची. टाचणटीप, आतून काय लावू? रेशीम फार तकलादू झालंय.

टाचणटीप :
आतून धुवट सुती नऊवारीचे दोन पदर लावा, मध्ये पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. आधी अस्तर पूर्ण शिवून घ्या आणि इरकल वरून टाचा, म्हणजे ओढ अस्तरावर येते, रेशमावर नाही. तोंडाला नाडी द्या, चेन नको, ती लाकडाला घासते. आणि खांद्याला अडकवायला एक रुंद पट्टा शिवा, कोणाला तरी तो एका हातानं वर न्यावा लागेल.