पार्सलमुळे झालेल्या ओळखी

ऑनलाइन खरेदीमुळे बाजारात होणाऱ्या ओळखी संपल्या, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात. तिथल्या कापड दुकानात गादीवर बसून साड्या उलगडायच्या, पोत हाताने बघायचा, शेजारच्या अनोळखी बाईला "हा काठ कसा दिसतो हो?" म्हणून विचारायचं, हे मोबाईलवर होत नाही. आणि सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत उधारी कोणतं ॲप देणार? दुकानदार देतो, कारण तो घर ओळखतो.

पण डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी लेकरांना घेऊन इथं खोली करून राहिलेल्या आया बघा. कोणी गेवराईची, कोणी हदगावची. ओळखीचं कुणी नाही. आमच्या गल्लीत त्यांच्याशी बोलणं सुरू झालं ते पार्सलवरूनच. भर दुपारी डिलिव्हरीवाला पोरगा दारात येतो, "मावशी, वरच्या ताई फोन उचलेनात, ठेवून घेता का?" संध्याकाळी ती बाई पार्सल न्यायला येते, चहा होतो, लेकराच्या मार्कांची काळजी बोलून होते. पुढे ओटीपी सांगण्याइतका भरवसा बसतो. (पार्सलचाच! बँकेचा ओटीपी सख्ख्या बहिणीलाही सांगू नये.) आता डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून दोघी-तिघी मिळून एकच ऑर्डर टाकतात.

परभणी, नांदेडकडेही असं होतं का? तिकडच्या कुणी जरूर लिहा.