मदत हवी आहे: बाबांना होनोलुलुत किनाऱ्यावरून गरवायचंय (गळाने मासे धरायचेत). परवाना, जागा आणि सुरक्षितता

नमस्कार मंडळी,

माझे बाबा (वय ६८) देवगडहून आमच्याकडे होनोलुलुला आलेत, मार्चपर्यंत राहतील. आयुष्यभर एसटीत नोकरी केली, पण सुट्टीचा दिवस कायम खडपावर (समुद्राकाठच्या कातळावर), हातात गरी. लहानपणी ते मला सोबत बोलवायचे आणि मी अभ्यासाचं निमित्त करून टाळायचो. आता पहिल्यांदाच आम्हा दोघांना वेळ आहे, म्हणून त्यांना इथे मनसोक्त गरवता यावं असं फार वाटतं.

पण मागच्या शनिवारी जे झालं त्याने माझी झोप उडालीय. हनाउमा बेच्या पुढे लानाई लुकआउट आहे, त्याच्या खालच्या कातळावर आम्ही गेलो होतो. अर्धा तास पाणी कातळाच्या बरंच खाली होतं. बाबा समुद्राकडे पाठ करून गळाला कोळंबी लावत बसले होते. एकदम एक लाट वर आली, त्यांच्या कमरेपर्यंत पाणी. मी दंड धरला म्हणून ते राहिले, सामानाची पेटी गेली. बाबा घाबरलेले दिसले नाहीत, चक्रावलेले दिसले. म्हणाले, "भरती नाय, वारो नाय, मगे ह्यां पाणी खयसून इलां?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, बाबा, आता खडपावर नको. तर म्हणाले, "माका शिकव नको, दर्या माका वळखता." तेव्हापासून जरा अबोला आहे.

तर विचारायचं असं: त्यांना परवाना लागतो का? मी इथे सहा वर्षं राहतोय, मला कधी कुणी विचारलं नाही. वयस्कर माणसाला बसून गरवता येईल अशी इथे ओआहू बेटावर कुठली जागा आहे? त्यांनी बॅगेतून स्वतः विणलेला पाग (फेकायचं जाळं) आणलाय, तो चालतो का? चिंबोऱ्या धरायचं त्यांच्या फार मनात आहे. खडकावरची कालवंही त्यांनी हेरून ठेवलीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचा मान न दुखवता हे सगळं त्यांना कसं सांगू?

प्रतिसाद १

आधी परवान्याचं. हवाईच्या रहिवाशांना समुद्रात हौसेने मासे धरायला परवाना लागत नाही, म्हणून तुम्हाला कुणी विचारलं नाही. बाहेरून आलेल्यांना मात्र लागतो, काठावरून गरवायचं असलं तरी. एक दिवसाचे २० डॉलर, सात दिवसांचे ४०, वर्षाचे ७०. बाबा मार्चपर्यंत आहेत तर वर्षाचाच घ्या. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो.

पागाचं जरा नाजूक आहे. पाग टाकायला इथे बंदी नाही, जुनी-जाणती माणसं अजून टाकतात. पण जाळ्याची आस, म्हणजे एक भोक, ताणून मोजली तर किमान २ इंच हवी. आपल्याकडे बारीक मासळीसाठी विणलेल्या पागाची आस बहुधा त्याहून लहान असते. पट्टी लावून बघा, आणि कमी भरली तर तो पाग पाण्याजवळ नेऊच नका.

कालवं अजिबात नाही. कालवं आणि शिंपल्या काढायला इथे पूर्ण बंदी आहे. खडकाला चिकटलेली टोपीसारखी ओपिही काढता येते, पण शिंपला सव्वा इंचाचा तरी हवा. खरं सांगायचं तर त्या वाटेला जाऊच नका, ओपिही काढताना लाटेने ओढून नेलेली माणसं इथे खूप आहेत.

प्रतिसाद २

माझे सासरे रत्नागिरीचे, दोन हिवाळे इथे राहून गेले, म्हणून चिंबोरीबद्दल लिहिते. इथे जिला सामोअन क्रॅब म्हणतात ती आपलीच खाडीतली चिंबोरी. शंभरेक वर्षांपूर्वी सामोआहून आणून सोडलेली. कवच ६ इंचांचं हवं आणि मादी ठेवायची नाही, मग कितीही भरलेली असो. सासऱ्यांनी पहिली लाखेची मादी परत सोडली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण नियम का आहे हे त्यांना पटलं, कारण आपल्या खाडीतल्या चिंबोऱ्या कशा कमी होत गेल्या ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अला वाई कालव्यातलं मात्र काहीही खाऊ नका, आरोग्य खात्याचा तसा इशारा आहे.

कालव्यात बोय मासे उड्या मारताना दिसतील, त्यांना इथे आमाआमा म्हणतात. डिसेंबर ते मार्च त्यांची बंदी असते, म्हणजे बाबांच्या मुक्कामात नाहीच. त्यापेक्षा मोई बघा. रावसाच्याच कुळातला, तोंडाखाली तशाच दोऱ्यांसारख्या मिश्या, चवही जवळची. एके काळी हवाईच्या राजघराण्याचा मासा. जून ते ऑगस्ट बंदी, आता मोकळा. ११ इंचांहून लहान असेल तर सोडायचा. माप तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घेतात, टोकापर्यंत नाही.

आणि खाण्याबद्दल एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. इथल्या प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत सिगुआटेरा नावाचं विष साठतं. ते सूक्ष्म शेवाळातून येतं, मासा दिसायला-चवीला अगदी ताजा असतो, आणि शिजवून किंवा गोठवून ते जात नाही. रोई नावाचा निळ्या ठिपक्यांचा मासा हेकरूच्या जातीतला. तो १९५६ साली बाहेरून आणून सोडला, तो टाळाच. मोठा उलुआ, काहाला यांच्यापासूनही जपून. विष डोक्यात, काळजात आणि गाबोळीत जास्त असतं, म्हणजे नेमकं आपल्या माणसांना आवडतं तिथेच. लहान पापिओ, म्हणजे आपल्या कोकरीसारखा, १० इंचांच्या वरचा मिळाला तर खुशाल तळा.

प्रतिसाद ३

"ह्यां पाणी खयसून इलां?" हा प्रश्न बाबांनी अगदी बरोबर विचारलाय, आणि त्याचं उत्तर त्यांना द्यायला हवं. देवगडला समुद्र तिथीवर चालतो, उधाणाला पाणी पुरुषभर चढतं. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम २-३ फूट. इथली खरी भीती दूरच्या लाटांची आहे. हजारो मैलांवर उत्तर पॅसिफिकमध्ये वादळ होतं, त्याच्या लाटा काही दिवसांनी इथे पोचतात, तेव्हा इथे वारा नसतो आणि आभाळ निळं असतं. शिवाय त्या जथ्याने येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ सगळं शांत. तुम्हाला वाटतं समुद्र असाच आहे. तुम्ही गेलात ती बाजू तर व्यापारी वाऱ्यांच्या लाटाही खाते. आपल्या खडपावर मुरलेल्या माणसाला पावसाळा सोडला तर हे माहीत असायचं कारण नाही. त्यांचं काही चुकलं नाही, समुद्र वेगळा आहे.

इथले लोक पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसते बघत उभे राहतात, कातळ कुठवर ओला आहे ते पाहतात. समुद्राला पाठ दाखवत नाहीत. आमिष लावायचं तर मागे येऊन, तोंड पाण्याकडे ठेवून. पायात फेल्टच्या तळव्याची तबी (जपानी पद्धतीचे बूट) घाला, रबरी चप्पल नको. बाबांसाठी कमरेला बांधायचं फुगणारं जॅकेट घ्या.

पण ६८ व्या वर्षी कातळ हवाच कशाला? कानेओहे बेच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत आहे, आत पाणी संथ. हेएइआ केआच्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसा. सँड आयलंडही चांगलं. हनाउमा बेमध्ये १९६७ पासून मासेमारी बंद आहे, आणि डायमंड हेडखालचा पट्टा सम सालीच उघडतो. गळाचा काटा गोल आणि विनाकुसळाचा घ्या. कासव अडकलं तर घाबरू नका, हळू जवळ आणा, कवच धरा, दोरी गळाच्या अगदी जवळ कापा आणि सोडा. लांब दोरी राहिली तर तीच त्याला मारते.

प्रतिसाद ४

मान राखायचा असेल तर नियमांची यादी वाचून दाखवू नका. त्यांना धक्क्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसवा. इथे वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला 'अंकल' म्हणतात, आपल्या 'काका'सारखंच. भाषा लागत नाही.

निघताना 'मासे धरायला चाललो' असं इथे बोलत नाहीत, 'होलोहोलो' म्हणतात, म्हणजे जरा फिरून येतो. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये हे बाबांना समजावावं लागणार नाही.

आणि हे त्यांना नक्की सांगा: हवाईच्या जुन्या पंचांगात महिन्याच्या तीसही रात्रींना नावं आहेत. पहिली कोर हिलो. सातवी ते दहावी आणि एकविसावी ते तेविसावी या रात्री ओले. ओले म्हणजे 'नाही'. त्या दिवसांत गरवायला जाऊ नये म्हणतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर बाबांना सगळं वाचून दाखवलं. दूरच्या लाटांचं दोनदा वाचायला लावलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पाग पट्टीने मोजला, आस दीड इंच भरली. स्वतःच घडी घालून बॅगेत ठेवला.

तीस रात्रींचं ऐकल्यावर मात्र उठून चष्मा घेऊन आले आणि बोटांवर मोजलं. "सातवी ते दहावी... म्हंजे भांग. ह्येंकां पण ठावक आसा." (भांग म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस.)

रविवारचा बेत होता. बाबांनी कालनिर्णय उघडलं, अष्टमी निघाली. म्हणाले, रविवारी नको, तेरशीला जाऊया. तोवर परवाना काढतो आणि तबी घेतो. हेएइआ केआला सकाळी खुर्चीसाठी जागा मिळायला किती वाजता पोचावं, एवढं कुणी सांगेल का?